उजेडाबाहेर राहिलेले

उद्या न्येरीच्या टेकडीवर गोऱ्यांचे निशाण उतरून नवे चढणार होते. स्वयंपाकासाठी गावच्या बायका लाकडे आणायला निघाल्या, तेव्हा न्यागुथीला कुणी हाक मारली नाही. दहा वर्षे मारलीच नव्हती. गोऱ्यांशी जंगलातून लढणाऱ्यांची, बोकडाचे रक्त चाखून घ्यायची शपथ तिने नाकारली होती. ख्रिस्ताच्या रक्ताला लागलेले ओठ बोकडाच्या रक्ताला लावणार नाही, म्हणाली होती. तेव्हापासून गाव तिला वळसा घालून वाहत होते.

त्या मूल नसलेल्या विधवेला उरली होती फक्त प्रार्थनेची मंडळी. तिथली रीत कडक होती. दर शुक्रवारी उठून आपले पाप उजेडात ठेवायचे. ज्याचा अपराध केला त्याच्याकडे आधी जाऊन यायचे, आणि तो काय म्हणाला तेही सांगायचे. मग सगळे गात गळामिठी घालत. चोरलेली रताळी, मेलेल्या नवऱ्यावरचा राग, सारे तिने तिथे ठेवले होते. एक गोष्ट तेवढी नाही.

संचारबंदीच्या त्या वर्षी शेजारच्या वान्जुगूचा मुलगा, कारिथी, जंगलातून उतरून तिच्या दारी आला होता. जखमी, उपाशी. तिने आतून अडसर धरून ठेवला. विश्वासापायी नव्हे, शिपायांच्या भीतीने. सकाळी तो शिपायांनी गावाभोवती खणवलेल्या खंदकात मेलेला सापडला. ख्रिस्ताने मला मुक्त केले, हे गाणे तेव्हापासून ती नुसते ओठ हलवून म्हणे.

उद्या हुतात्म्याची आई म्हणून वान्जुगूला पहिल्या रांगेत खुर्ची होती. त्या खुर्चीपुढे आपण टाळ्या वाजवायच्या, हे न्यागुथीला सोसवेना. ती वान्जुगूकडे गेली.

वान्जुगू अंगणात हिरवी केळी सोलत होती. "या, मिशनच्या राणीसाहेब," ती म्हणाली. "शपथ न घेतलेल्यांना निशाण दिसेल का गं उद्या?"

न्यागुथीने मातीत गुडघे टेकले आणि सगळे सांगितले, अडसरही, भीतीही.

सुरी थांबली. चिकाने काळवंडलेली बोटे वान्जुगूने गवताला पुसली.

"त्याला तुझ्याकडे मीच पाठवलं," ती म्हणाली. "आधी माझ्या दाराशी आला होता. घरात धाकटी दोघं होती. म्हटलं, पुढं जा बाळा, ती देवाची बाई आहे, ती उघडेल."

न्यागुथीने ढिगातले एक केळे हातात घेतले.

"तुमचं बरं असतं गं. उठायचं, सांगायचं, लोक गातात, की मोकळ्या. मी त्या खुर्चीत बसून कुणाला सांगू?" मग हळूच, "कुणाला बोलू नकोस."

नाही बोलणार, असे न्यागुथी म्हणाली. दुपारपर्यंत दोघी केळी सोलत बसल्या. लाकडे घेऊन बायका परतल्या, तशी वान्जुगूनेच तिला मागच्या वाटेने घालवले.

निशाण चढले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मंडळीत तिची पाळी आली. तिने तोंड उघडले असते, तर कारिथीच्या आईने काय उत्तर दिले, हा प्रश्न आलाच असता.

"आज माझ्याकडे काही नाही," ती म्हणाली.

मंडळीपुढे ती प्रथमच खोटे बोलली होती. मंडळीचे पुढारी, म्हातारे गेरिशोन तिच्याकडे खेदाने पाहत राहिले, हिचा विश्वास थंडावला असे वाटून. आणि पुढच्या बाईची पाळी आली. त्या बाईसाठी सगळे गायले. बाकाच्या टोकाला न्यागुथी हात मांडीवर ठेवून बसून होती. या खेपेस तिने ओठही हलवले नाहीत.