आमच्यासमोर बंद पडली पाहिजे

सर्व्हिस सेंटरच्या त्या खोलीत एक लांब निळा सोफा आहे, आणि त्याच्या डाव्या टोकाला माझ्या बुडाचा खड्डा पडलाय. हा शोध माझा नाही, माझ्या मुलीचा, ठकीचा. बाबा, ही तुझी जागा, असं म्हणून तिने त्या खड्ड्यावर हात फिरवला, आणि मला हसावं की समोरच्या काचेवर डोकं आपटून घ्यावं ते कळेना.

ठकी आठ वर्षांची आहे. ती तिच्या आईकडे राहते, डोंगरातल्या मोठ्या चढापलीकडच्या गावात. आमचा घटस्फोट झाला तेव्हा न्यायालयाने ठरवून दिलं की एकाआड एक शनिवारी सकाळी मी तिला घेऊन यायचं आणि संध्याकाळी सहाच्या आत आईच्या दारात पोचवायचं. पोरीला बसमध्ये उलट्या होतात, म्हणून स्वतःच्या गाडीने, असंही त्यात आलं. मी लगेच हो म्हटलं आणि नवीकोरी गाडी घेतली. शोरूमवाल्यांनी बॉनेटवर रिबिनीचं फूल लावलं, ठकीच्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली दिली आणि आमचा फोटो काढला. तो फोटो अजून त्यांच्या भिंतीवर आहे. त्यात मी असा काही खुश दिसतो की बघून माझा मलाच राग येतो.

गाडी चढावर बंद पडते. दर वेळी नाही, तिच्या मनाला येईल तेव्हा. आधी समोरचे सगळे दिवे एकदम लागतात, मग स्टिअरिंग जड होतं आणि कडेला घेईपर्यंत इंजिन गप्प. मग किल्ली फिरवा, शिव्या द्या, हात जोडा, बाईसाहेब ढिम्म हलत नाहीत. पुरती थंड झाली की आपण होऊन सुरू होते, काही घडलंच नाही अशी. तोवर सहा कधीच वाजून गेलेले असतात. ठकी मागच्या सीटवर झोपलेली असते आणि तिची आई दारात उभी असते. पहिल्यांदा ती काही बोलली नाही. दुसऱ्यांदा म्हणाली, फोन तरी करायचास. चढावर रेंज नसते हे मी सांगितलं, तर तो तिला आणखी एक बहाणा वाटला. त्यानंतर ती बोलली नाही, तिने सरळ अर्ज केला. हा मुद्दाम उशीर करतो, मुलीला हक्कापेक्षा जास्त वेळ ठेवून घेतो, असं त्यात होतं.

न्यायालयातल्या समुपदेशक बाईंनी आम्हाला बोलावलं. बाई शांत, आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी सांगितलं की असंच चालू राहिलं तर शनिवार बंद होतील. मग महिन्यातून एकदा, त्यांच्याच इमारतीत, त्यांच्या नजरेसमोर तासभर भेट. ती खोलीही त्यांनी मला दाखवली. भिंतीवर रंगवलेली अस्वलं, प्लास्टिकच्या बुटक्या खुर्च्या, कोपऱ्यात कुणाकुणाच्या मुलांनी हाताळून मळवलेल्या बाहुल्या. एक बाप त्या बुटक्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता आणि त्याचा मुलगा खिडकीबाहेर बघत होता. गाडी खरंच बंद पडते हो बाई, मी म्हणालो. त्या म्हणाल्या, मग कंपनीकडून तसं लेखी आणा.

इतकं सोपं वाटलं ते मला तेव्हा.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दुरुस्तीला नोंदवून घेणारा जो सल्लागार आहे त्याचं नाव मी मनातल्या मनात हसरे ठेवलंय. माणूस वाईट म्हणावा असं काही करत नाही. उठून उभा राहतो, सर म्हणतो, कॉफी विचारतो, आणि तोंडाला पानं पुसून परत पाठवतो. गाडीला कॉम्प्युटर जोडला जातो, कॉम्प्युटर म्हणतो सगळं छान. मेकॅनिक पेट्रोल पंपापर्यंत चक्कर मारून येतो, तोही म्हणतो सगळं छान. चढावर न्या म्हटलं तर चढ त्यांच्या ट्रायलच्या हद्दीबाहेर. मग माझ्या हातात कागद येतो: दोष आढळला नाही, गाडी उत्तम स्थितीत. असले कागद माझ्याकडे साठत गेले आणि प्रत्येक कागद मीच खोटारडा आहे असं सांगत होता. एकदा चढावरून जाणाऱ्या ट्रकवाल्याकडे निरोप देऊन क्रेन मागवली. क्रेन येईपर्यंत गाडी थंड झाली आणि क्रेनवाल्यासमोर पहिल्या किल्लीला सुरू झाली. त्याने ठकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि क्रेन वळवून निघून गेला.

"सर, तुम्ही म्हणता ते खोटं असं मी म्हणतच नाहीये," हसरे म्हणाला. "पण गाडी आमच्यासमोर बंद पडली पाहिजे. त्याशिवाय आम्हाला लिहिता येत नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी कवळ्या बनवतो. डेंटिस्ट माप पाठवतात, मी प्लास्टरचा साचा काढतो, मेणात दात बसवतो, कवळी गरम पाण्यात शिजवून पक्की करतो आणि घासूनपुसून देतो. एखाद्या आजीबाईने सांगितलं की डावीकडे खाली टोचतंय, तर मी त्यांना म्हणत नाही की माझ्यासमोर टोचू दे, मग बघू. टोचणं ज्याचं त्याला कळतं. मी खूण करतो, तेवढं घासतो, परत बसवायला देतो. हे सगळं मी हसरेला ऐकवलं, आवाज चढवूनच ऐकवलं. सोफ्यावरचे लोक माना वर करून बघायला लागले. हसरेने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, सर, कॉफी घेणार का?

लोक म्हणतील, गाडी विकून टाकायची. विकायची तर समोरच्याला काय सांगायचं? भाड्याची आणली असती तर तिची आई म्हणाली असती, बघा, मनात असलं की येतो वेळेवर. पण खरं कारण तेही नव्हतं. मी खरं बोलतोय हे कुणीतरी कागदावर लिहून द्यावं, याने मला पछाडलं होतं. दात घासतानाही मी मनात हसरेशी भांडत असायचो.

मी त्याला सरळ विचारलं, तुमच्या फाटकासमोर बंद पडली तर? तो म्हणाला, मग प्रश्नच नाही, तिथल्या तिथे लिहून देतो, सही-शिक्क्यासकट.

तेव्हा मी गाडी त्यांच्या फाटकासमोरच बंद पाडायची ठरवली. सर्व्हिस सेंटरभोवती चौकोनी रस्ता आहे, एका बाजूला टायरची दुकानं, दुसरीकडे गोदामाची लांब भिंत. त्या रस्त्याला चढ नव्हता, म्हणून चढाचं ओझं मी डिकीत भरलं: माझ्या कामाच्या प्लास्टरच्या गोण्या, मावतील तेवढ्या. एसी पूर्ण सोडायचा, गाडी दुसऱ्या गियरच्या वर न्यायची नाही, आणि गोल गोल फिरायचं. कामाच्या दिवशी संध्याकाळी फिरून पाहिलं, गाडी चांगली धावली. बाईंनी दिलेली तारीख जवळ येत होती. म्हणून मग शनिवारीही, ठकीला घेऊन.

ठकीला मी सगळं नीट समजावून सांगितलं. गाडी इथे बंद पडली की हसरे काका लिहून देणार, त्यांनी लिहून दिलं की बाईंना पटणार, बाईंना पटलं की आपले शनिवार आपल्याकडे राहणार. तिला ते एका झटक्यात कळलं. गोण्या भरायला ती मला मदत करायची. तिचे हात, फ्रॉक, नाकाचा शेंडा, सगळं पांढरं व्हायचं. फाटक आलं की ती सीटवर पुढे सरकून डॅशबोर्डला सांगायची, पड, पड, पड ना गं. फाटक मागे पडलं की उसासा टाकायची, अगदी माझ्यासारखा. एसीने गारठली की माझा जुना स्वेटर घालून बसायची. एकदा तिने विचारलं की आज बागेत जायचं का, मी म्हणालो पुढच्या वेळी नक्की. त्या पुढच्या वेळीही आम्ही टायरच्या दुकानांवरून फिरत होतो. दुकानदार हात करायला लागले होते आणि ठकीही त्यांना हात करायची.

एका फेरीत फाटकासमोरच इंजिन गप्प झालं. मी ओरडलोच. ठकीने टाळ्या पिटल्या, मी दार उघडून धावत हसरेला घेऊन आलो. तो आत बसला, त्याने किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. माझाच पाय क्लचवरून सुटला होता. हसरेला हसू आवरत नव्हतं, पण त्याने ते आवरलं. त्या दिवशी मी इतका खचलो की परत निघताना ठकीच माझ्याशी बोलत राहिली, शाळेतल्या गमती सांगत, मोठ्या माणसाने लहानाची समजूत काढावी तशी.

मग बाईंकडची तारीख आली. माझ्याकडे दोष आढळला नाही असे कागद होते आणि दुसरं काही नव्हतं. बाईंनी आधी ठकीला एकटीला आत घेतलं. मी आणि तिची आई बाहेर बाकावर बसलो, मध्ये एका माणसाची जागा सोडून. तिने विचारलं, धंदा बरा चाललाय का? मी म्हणालो, चाललाय. आतून ठकीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण ती उत्साहात बोलत होती. तिचं सगळं जग माझ्या बाजूचं आहे असं मला वाटलं. फार दिवसांनी बरं वाटलं.

ठकी बाहेर आली ती चेहरा फुलवूनच. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, मी सगळं सांगितलं."

तिला बाहेर बसवून बाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. त्यांच्यापुढे ठकीने काढलेलं चित्र होतं. चौकोनी रस्ता, गाडी, डिकीत गोण्या, आणि खिडकीत आम्ही दोघं. बाई नेहमीसारख्याच सावकाश बोलल्या. मुलगी म्हणते, बाबांना गाडी बंद पडायला हवी असते. ती पडावी म्हणून ते मागे जड जड गोण्या भरतात. दिवसभर गाडीतच फिरतात, आणि एकदा ती बंद पडली तेव्हा बाबा आनंदाने ओरडले.

"हे खरं आहे का?" बाईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं. हसरे, कॉम्प्युटर, चढ, क्रेन, सगळं जिभेवर आलं होतं. पण पोरीचं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी सांगायला लागलो, आणि जसजसा सांगत गेलो तसतसा मीच चक्रम दिसायला लागलो. ठकीच्या आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर मला चाललं असतं. तिला माझी काळजी वाटत होती.

बाईंनी लिहायला घेतलं. महिन्यातून एकदा, इथे, तासभर. सहा महिन्यांनी पुन्हा बघू, म्हणाल्या. मी सही केली.

बाहेर ठकी बाकावर पाय हलवत बसली होती. तिची आई पाणी प्यायला पुढे गेली, तेवढ्यात ती उडी मारून माझ्यापाशी आली.

"पटलं ना बाईंना?"

"पटलं," मी म्हणालो.

"मी चित्रपण काढलं. हसरे काकांनी लिहून नाही दिलं, म्हणून मीच दिलं."

"छान काढलंस."

तिने माझं बोट धरलं आणि थोडा विचार केला.

"मग आता गाडी बंद नाही पडली तरी चालेल ना? बागेत जाऊ या?"

मी खाली बसून तिच्या बुटाची नाडी बांधली. ती आधीच बांधलेली होती, मी सोडून परत बांधली. मग तिची आई आली, आणि ठकी तिचा हात धरून जिना उतरून गेली.