गुरुवारचा दात

बेगायीमनं बटण दाबलं आणि पडद्यावरची एकच वेडीवाकडी रेघ टुण्णकन तीन रेघांत फुटली. शाळेच्या मागच्या भिंतीवरच्या तापमापीवरून किर्गिझस्तानातल्या कोचकोर गावच्या मुलांनी रोज संध्याकाळी टिपलेलं तापमान होतं ते. पहिली रेघ सांगत होती, वर्षागणिक हवा कुठे चाललीय. दुसरीत उन्हाळा-हिवाळ्याचा झोका. तिसरीत उरलासुरला गाळ. गाळ कसा, अस्ताव्यस्त असायला हवा! हा तर कंगवा निघाला. दर गुरुवारी एक दात वर!

"काढून टाक ते गुरुवार," तिचे गणिताचे सर तुरातअगाय कुजबुजले. "बिश्केकच्या परीक्षकबाई येतील एवढ्यात. त्यांना शंका आली तर तिथली विज्ञान स्पर्धेची अंतिम फेरी विसर."

"अगाय, आकडे खरे आहेत. मी का काढू?"

उलट तिनं सॉफ्टवेअरला सांगितलं, सात दिवसांचं चक्रही वेगळं काढ. निघालं की! चौथी रेघ, ठसठशीत.

परीक्षकबाईंनी आल्या आल्या नेमकं त्या चौथ्या रेघेवरच बोट ठेवलं. "बाळ, निसर्गाला वार कळत नाहीत. आकडे कुणीतरी घरबसल्या भरलेत."

बेगायीमचे कान तापले. खोटी? ती? बिश्केक हातातून निसटत होतं, आणि अगाय खिडकीबाहेर असं बघत होते जणू ते इथले नव्हेतच.

त्याच खिडकीतून वास आला. तापलेल्या तेलाचा, खमंग. लहानपणापासून इतका ओळखीचा, की तिला तो कधी वेगळा जाणवलाच नव्हता.

"एजे, आज गुरुवार!" बाईंना हाक मारत ती ताडकन उठली. "चला माझ्याबरोबर!"

परीक्षकबाईंचा हात धरून तिनं त्यांना जवळजवळ ओढतच मागच्या भिंतीपाशी नेलं. तापमापीतला पारा मजेत वर चढत होता. भिंतीपलीकडे, भिंतीला खेटूनच, शेजारच्या उम्सुनआपांची चूल धडधडत होती आणि कढईत कणकेचे तळणीचे गोळे, बोरसोक, फुगत होते.

"आपा, तुमच्या चुलीनं आमचं हवामान बिघडवलं!" बेगायीम भिंतीवरून ओरडली.

"मग काय, तळणं बंद करू? गुरुवारचा वास आमच्या गेलेल्या म्हाताऱ्याला वर कोण पोचवणार, तुझा संगणक?" आपांनी झारा उगारला. मग त्यांना बाई दिसल्या. "अगं बाई, पाहुण्या! उभ्या काय? घ्या, गरम आहेत तोवर."

बाईंनी एक खाल्ला. दुसराही. "आमची आईही गुरुवारीच तळते," त्या बोटं चाटत पुटपुटल्या, "आणि मी म्हणे परीक्षक!"

वर्गात परतल्यावर त्यांनी चौथ्या रेघेकडे पुन्हा डोळे बारीक करून पाहिलं. "हिला नाव दे. बिश्केकच्या मंडळींना बिननावाच्या रेघा चालत नाहीत."

"बिश्केकच्या?" बेगायीम किंचाळलीच.

मग तिनं झटकन टंकलं: उम्सुनआपांची कढई. तुरातअगाय आता मान डोलावत होते, जणू गुरुवार ठेवायची कल्पना त्यांचीच.