दाखवण्यापुरती खाट

मी एक जुनी घडीची खाट आहे. लोखंडी चौकट, पांढरी नवार, आणि मधोमध दुमडलं की कपाटामागे मावणारं अंग. मित्रांनो, खाटेने झोपेच्या गोष्टी सांगाव्यात अशी तुमची अपेक्षा असेल. पण माझ्या तरुणपणाची तीन वर्षं माझ्यावर कोणी झोपलंच नाही.

कारखान्यात कारागिराने गुडघा रोवून माझी नवार अशी ताणली होती की टिचकी मारली तर आवाज यावा. मला त्याची फार मिजास होती. पुढे एका जोडप्याने मला घरी आणलं. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती, तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन खोल्या भाड्याने घेऊन दोघं एकत्र राहत होती, लग्न झालेलं नव्हतं. तिने आईला सांगितलं होतं की सोबत लॅबमधली एक मैत्रीण राहते. ती मैत्रीण म्हणजे मी.

आई महिन्यातून एकदा सकाळी यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची; मैत्रीण नेमकी त्या दिवशी ड्युटीवर असते, असं तिला सांगितलं जायचं. त्या दिवशी घरात एकच धांदल. त्याचे बूट पोत्यात, दाढीचं सामान डब्यात. मला बाहेरच्या खोलीत उलगडायचं, वर फुलाफुलांची चादर, उशीशेजारी कंगवा आणि केसांच्या पिना. पिना तोच मांडायचा.

"तुझी मैत्रीण फार टापटीप आहे हं," असं म्हणून तो दिवसभरासाठी बाहेर पडायचा. ती हसायची, पण तेवढ्यापुरतीच. आईने तिला एकटीने वाढवलं होतं. खरं कळलं तर आई पुन्हा या घराची पायरी चढणार नाही, या भीतीने ती आतल्या आत खचायची.

एवढी तयारी करणारी ही हुशार माणसं एक गोष्ट साफ विसरली. आईने उमेदीची वीस वर्षं खाटांना नवार विणण्यात घालवली होती. परक्या पोरीच्या अंथरुणावर बसणं बरं दिसत नाही, म्हणून ती माझ्याकडे कधी फिरकली नव्हती. एका दुपारी मात्र तिची पाठ धरली आणि ती माझ्यावर टेकली. सवयीने तिचा हात चादरीखाली गेला.

"मैत्रिणीला इथे येऊन किती वर्षं झाली म्हणालीस?"

"तीन."

"तीन वर्षं माणूस झोपलं की नवारीला झोळ पडतो गं. ही तर काल विणल्यासारखी ताठ आहे."

ज्या ताठपणाची मला मिजास होती, त्यानेच घात केला. मुलीने रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"आणि तो आत्ता कुठे आहे?"

"बाहेर. तू आलीस की जातो."

"तीन वर्षं? ऊन नाही, पाऊस नाही?" आईने चष्मा काढून पुसला. "फोन कर त्याला. माणसाला त्याच्याच घरातून हुसकून मी इथे जेवत होते होय."

तो आला आणि दारातच अवघडून उभा राहिला. तिघांनी एकत्र जेवण केलं.

"मला हे पटलेलं नाही," आई म्हणाली. "पुढे पटेल असंही सांगत नाही. पण पुढच्या वेळी मी येईन तेव्हा लिफ्टवाले घरात पाहिजेत."

मग माझे खरे दिवस सुरू झाले. आई आठ-आठ दिवस राहू लागली. दुपारी माझ्यावर पडून ती लिफ्टवाल्यांची फिरकी घ्यायची, आणि तोही भाजी निवडत तिला तोडीस तोड उत्तर द्यायचा. वर्षभराने दोघांनी लग्नाच्या कागदावर सह्या केल्या, तेव्हा साक्षीदार म्हणून आईनेच सही केली. आजही ते दिवस आठवले की मला भरून येतं.

त्यानंतरच्या वर्षी आई गेली. मुलगी माझ्यावर बसून नवऱ्याला म्हणाली, "तिला तुझ्याशी बोलायला किती आवडायचं. आणि मी तुला तिच्यापासून लपवत बसले."

मित्रांनो, आता मला गंज चढला आहे. माझ्या बिजागऱ्यांना अधूनमधून तेल द्या, नवारीला ऊन दाखवा, एवढीच माझी विनवणी. आणि आईला काय झेपणार नाही हे परस्पर ठरवू नका, तिलाच विचारा. या घरात खोट्यात तीन वर्षं गेली. खऱ्याची दोनच मिळाली.