सयाजीचा डावा डोळा

आष्ट्याच्या पेठेत आमचं फोटोचं दुकान होतं, आणि दुकानामागच्या परसात माझ्या नवऱ्यानं माझी सवत आणून उभी केली होती. सवत म्हणजे दुर्बीण. मिरजेच्या जुन्या बाजारात कुठल्याशा मोजणीच्या साहेबाचं सामान विकायला निघालं होतं, त्यातलं मोठं भिंग यांनी उचललं. पत्रेवाल्याकडून नळी करून घेतली आणि ती बसवली माझ्या शिवणयंत्राच्या पायावर. यंत्र मोडकं होतं हे खरं, पण माझ्या माहेरचं होतं. मी दोन दिवस अबोला धरला. तो यांच्या लक्षातही आला नाही.

लढाईचं पाचवं वर्ष चालू होतं. फोटोच्या काचेच्या प्लेटा विलायतेहून यायच्या, त्या यायच्या बंद झाल्या. मुंबईचा व्यापारी पत्राला उत्तर देईना. धंदा बसला होता आणि वर हे वेड, म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. दिवेलागणीला जेवायला हाक मारावी तर चांदसाहेब परसात एक डोळा मिटून उभे. "शमशाद, ये, बग तरी," म्हणायचे. एकदा पाहिलाही मी. काळ्या पाण्यात एवढासा मोती, आणि मोत्याला कडं. शनी म्हणतात तो हा? आमच्या गल्लीत शनीचं नाव निघालं की माणसं तेल घेऊन मारुतीकडे धावत. हे प्लेट घेऊन परसात धावत.

यांना त्याचा फोटो हवा होता. कडं स्वच्छ दिसेल असा एकच फोटो, दुकानात टांगायला. "इतकी देखणी चीज, आन् लोक तिच्या नावानं पोरं भेडसावत्यात," असं म्हणून स्वतःच चिडायचे. पण शनी काही गिऱ्हाईकासारखा खुर्चीत बसत नाही. दुर्बिणीच्या मागं कॅमेरा बांधून प्लेट उघडली की तो हळूहळू सरकायला लागे, आणि धुऊन बघावं तर भाताचं शीत बोटानं फरफटवल्यासारखा ओघळ. मग यांनी यंत्राच्या पायाला एक स्क्रू लावला आणि तो श्वास धरून, केसभर केसभर फिरवायला शिकले. एका प्लेटवर जागा बदलून बदलून चार-पाच शनी काढायचे, म्हणजे एखादा तरी साधेल.

त्या माघात घरात शेवटच्या दोनच प्लेटा राहिल्या होत्या. एक शनीची आणि एक सयाजीची, असं ठरलेलं होतं.

सयाजी मनुआक्काचा मुलगा. मनुआक्का आमच्या परसाला लागून राहायची. म्हशी होत्या, आमच्याकडं तिचंच दूध. मराठ्याघरची बाई, पण आमच्या चुलीपाशी बसून चहा प्यायची आणि कुणी काही बोललं तर त्यालाच चार सुनवायची. सयाजी पाळण्यात असताना तिचा नवरा तापानं गेला. त्याचा फोटो नव्हता. एकदा शेंगा फोडता फोडता ती मला म्हणाली, "वैनी, त्येंचं पागुटं आठवतंय, चालणं आठवतंय. त्वांड काय डोळ्याफुडं येत न्हाई. लय आठवून बगते, पर पागुट्याखाली कायबी न्हाई."

सयाजी पलटणीत होता. रजेवर आला आणि रजा संपता संपता कळलं की आता ब्रह्मदेशाकडं जायचं. मनुआक्का रडली नाही. ती सरळ यांच्याकडं आली. "चांदभाई, माज्या लेकाचं चित्र काडून द्या. डोक्यापास्नं बुटापतूर. ह्येचं तरी त्वांड माज्याजवळ ऱ्हाऊ द्या." हे म्हणाले, "प्लेट राखून ठेवलीया, आक्का."

सयाजीचा फोटो निघाला तो त्याच्या जाण्याच्या दिवशीच. आदल्या संध्याकाळी आभाळ असं स्वच्छ होतं आणि वारा असा पडला होता की यांनी शनी साधला. घरात आले तेव्हा चेहरा नवरदेवासारखा. "आज गावला गं," म्हणाले. प्लेट लगेच धुतली नाही. औषधंही संपत आली होती, दोन्ही प्लेटा एकदमच धुवायच्या होत्या. प्लेट ज्या चपट्या काळ्या पेटीत असते तशा दोन पेट्या आमच्याकडं होत्या, दोन्ही सारख्या. वापरलेल्या पेटीला हे माझ्या शिवणाच्या डब्यातला काळा रेशमी दोरा गुंडाळायचे. अंधारात हाताला लागावं म्हणून केलेली ही खूण, आणि इतक्या वर्षांत ती कधी चुकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सयाजी खाकी कपडे घालून परसात उभा राहिला. उजेडासाठी आम्ही बाहेरच फोटो काढायचो. मागं बागेचं चित्र असलेला पडदा. त्याची काठी मोडलेली, म्हणून पडदा वर धरून, कडेनं डोकावत मी मागं उभी. हे काळ्या कापडात डोकं घालून बसलेले. मनुआक्काची तेवढ्यात लगबग. ओसरीवर गेली, आली, पोराच्या हाताशी काहीतरी केलं. सयाजी हसला. "आवं आये, फौजी मान्सं हसतील की." "हसूंद्यात," ती म्हणाली. यांनी ओसरीवरच्या बाजेवरच्या दोन पेट्यांतली हाताला बिनदोऱ्याची लागली ती घेतली, कॅमेऱ्यात सरकवली, टोपण काढलं, मनात मोजलं, टोपण घातलं. "झालं बग, गड्या."

तिथूनच तो सांगलीच्या मोटारीला गेला. कोळशाच्या धुरावर चालणारी ती मोटार चढाला बंद पडायची, म्हणून सयाजी आणि चार जण उतरून ती ढकलताना पेठेनं पाहिलं. मग ती गेली.

संध्याकाळी लाल कंदील लावून आम्ही दोघं कोठीत बसलो. पहिली प्लेट औषधात घातली. मी तबक हलवत होते. बराच वेळ हलवलं. काही येईना. प्लेट कोरीच राहिली, धुतलेल्या बशीसारखी. यांनी दुसरी घातली. हळूहळू सयाजी आला. बूट, पट्टा, बागेचा पडदा. आणि पडद्यावर चार काळे ठिपके, प्रत्येकाला दोन बाजूंनी कान. पाचवा ठिपका सयाजीच्या तोंडावर, डाव्या डोळ्याच्या जागी.

प्लेटवर काळं ते कागदावर पांढरं येतं. कागदावर छापल्यावर सयाजीला डावा डोळा नव्हता. तिथं कडं घातलेला एक पांढरा मणी होता. आणि खरं सांगते, ते कडं इतकं रेखीव आलं होतं की तसा शनी यांना आयुष्यात पुन्हा कधी साधला नसता.

"दोरा न्हवता पेटीला," हे म्हणाले. "आईशप्पत सांगतो, न्हवता." मग त्यांनी फोटो कंदिलाजवळ धरला आणि खाली बसले. सयाजीच्या मनगटाला काळा दोरा होता. माझ्या डब्यातला, रेशमी, तीन पदरी. दृष्ट लागू नये म्हणून लेकाच्या हाताला काळा दोरा बांधायचा, तो घरी विसरला, आणि बाजेवर पेटीला गुंडाळलेला आयताच दिसला. मनुआक्कानं तो सोडला आणि बांधला. कुठलीही आई तेच करील.

मला संताप आला. न विचारता हात लावलाच कसा त्या बाईनं? आणि संतापाखाली रडूही येत होतं. मी म्हटलं, "आत्ता जाऊन सांगते तिला." एरवी आम्ही घरातही मराठीच बोलायचो, पण हे माझ्यावर आयुष्यात एकदाच ओरडले ते तेव्हा, आणि तेही आमच्या मुसलमानी बोलीत. "खबरदार. तिच्या हातानं तिच्या पोराचं तोंड गेलं, हे तिला कळता कामा नये."

मोटार गेली होती. कोरी प्लेट होती तीही औषधात घालून आम्ही वाया घालवली होती. हे सकाळी सांगलीला जाऊन दोन स्टुडिओंच्या पायऱ्या झिजवून आले. कुणाकडंच प्लेट नव्हती, आणि असती तरी समोर बसवायला सयाजी कुठं होता? मग यांनी बारीक कुंचला घेतला आणि उजव्या डोळ्याकडं बघून बघून डावा डोळा रंगवला. यांचा हात चांगला होता. पण डोळा जमला नाही. उजवा डोळा हसत होता, डावा नुसताच उघडा होता.

मनुआक्कानं फोटो दोन्ही हातांनी घेतला. आधी बूट पाहिले, पट्टा पाहिला. "आगं बया, दोरा बी आलाय की! बरं झालं, बांदला." मी आत निघून गेले. आतूनच ऐकलं. "चांदभाई, ह्यो डोळा आसा का वो? ह्यो सयाजीचा न्हाई."

"त्या प्लेटवर आदी शनी काडला हुता, आक्का. त्यो डोळ्यावर आला. चूक माजी."

मग ती म्हणाली, "माज्या लेकाच्या डोळ्यात शनी घातलासा?"

त्याची वृषभ रास. साडेसाती चालूच होती, हे तिला पाठ होतं. त्या दिवसापासून आमच्याकडं तिचं दूध बंद झालं. तिनं गल्लीत सांगितलं, गल्लीनं पेठेत. प्लेटा संपल्याच होत्या, पण तोंडावर शनी काढतो म्हणून जुन्या फोटोला चौकट करून घ्यायलाही लोक दुकानाची पायरी चढेनात. एक-दोघं तर पूर्वी काढलेले फोटो परत घेऊन आले. हे सगळ्यांना एकच सांगत, चूक माझी. मी चिडायचे, भांडी आपटायचे. दोरा माझ्या जिभेच्या टोकावर असायचा. पण रोज पहाटे पलीकडून तिचा म्हशीशी बोलायचा आवाज यायचा, आज सयाजीचं पत्र येईल बघ म्हणायची, आणि माझी जीभ आत जायची. दुसरा फोटो काढून पाठव असं तिनं शाळेच्या मास्तरांकडून पत्र लिहवून त्याला कळवलं होतं. पाठवतो, असं त्याचं उत्तरही आलं होतं.

चैत्र संपता संपता तार आली.

तेरावं झाल्यावर एका संध्याकाळी मनुआक्का परसाच्या वाटेनं आली. हातात फोटो. आमच्याकडं येणं सुटून दोन महिने होऊन गेले होते, तरी तिची पावलं सवयीनं चुलीपाशी आली. मी पाट टाकला. ती बसली. शिव्याशाप देईल म्हणून मी जीव मुठीत धरून होते. तिनं दिले नाहीत.

"चांदभाई," ती म्हणाली, "ह्यो डोळा पुसा. दुसऱ्या कुनाचा डोळा माज्या लेकाच्या तोंडावर नगं."

यांनी कापूस भिजवून डोळा पुसला. रंग निघाला आणि खालचा पांढरा शनी वर आला. ती त्याच्याकडं बघत राहिली, भ्यालीसुद्धा नाही.

"आता खरा काडा."

"काडतो, आक्का. तुमी सांगा कसा हुता, तसा काडतो. पापणी जड हुती का हलकी? कोपरा वर हुता का खाली?" यांनी कुंचला ओला केला आणि थांबले.

मनुआक्कानं डोळे मिटले. ओठ हलत होते तिचे. चुलीतलं लाकूड जळत जळत पुढं आलं तरी मी ते आत सारलं नाही. शेवटी तिनं डोळे उघडले.

"पांडराच दिसतोय वो," ती म्हणाली. "डोळं मिटलं तरी बी पांडराच दिसतोय."

"तुमी सांगा की, चांदभाई. तुमीच शेवटचं बगितलासा त्येला, काचंतनं."

माझ्या नवऱ्याला शनीच्या कड्यातली काळी रेघ कुठं बारीक होते आणि कुठं जाड, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ते कुंचला हातात धरून बसून राहिले. कॅमेऱ्याच्या काचेवर माणूस उलटा दिसतो, आणि त्या दुपारी यांनी बूट चौकटीत बसतात की नाही एवढंच पाहिलं होतं. "आक्का," एवढंच म्हणाले, आणि हुंदका फुटला यांना. माझ्या नवऱ्याला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं.

मग ती माझ्याकडं वळली. "वैनी, तुमाला तरी आठवतोय?"

मी पडदा धरून मागं उभी होते. मी त्याची पाठ पाहिली होती.