पुट्टीखालच्या सत्तावीस रेघा

मी गणित विभागातल्या कपाटावरचा गोळा बोलतोय. गोळा हे लोकांचं म्हणणं. कुणी मला बटाटाही म्हणतं. खरं तर मी एका समीकरणाचं शरीर आहे.

एका त्रिघाती समीकरणाची सगळी उत्तरं बिंदू म्हणून अवकाशात मांडत गेलं, की जो पृष्ठभाग तयार होतो तो मी. गणिताच्या प्राध्यापक बाईंनी मला प्लॅस्टरमध्ये घडवलं आणि अंगावर सत्तावीस रेघा कोरल्या. इतक्या वाकड्यातिकड्या अंगावर चक्क सरळ रेघा! मुलं आ वासून बघायची. बाई म्हणायच्या, "बीजगणित लिहून सांगतं, भूमिती दाखवून. गोष्ट एकच."

आमचं घराणं मोठं, बरं का. मोबाइलमधली तुमची गुपितं राखायला आमच्यातल्याच वक्ररेषा राबतात. यंत्रमानवाचा हात कुठवर पोचेल, हेही आमच्याच गणितानं कळतं. मी मात्र फक्त समजावत बसलो, आणि त्यात मला फार आनंद होता.

बाई निवृत्त झाल्या. मग खोली रंगवायला रंगारी आला. बिचारा मनापासून काम करणारा. त्यानं माझ्या रेघांत पुट्टी भरली, पॉलिशपेपर मारला, वर ऑइलपेंटचे दोन हात दिले. विभागप्रमुख म्हणजे बाईंचाच जुना विद्यार्थी. मला पाहून तो हळहळला. "रेघाच गेल्या. आता ठेवून काय करायचं? द्या भंगारात."

गोळ्याच्याही पोटात गोळा आला!

तेवढ्यात बाई आपली राहिलेली पुस्तकं न्यायला आल्या. रंगारी कौतुकानं पुढं झाला. "बाई, पार भेगाळलं होतं हो. सगळं बुजवलं. हात फिरवून बघा!"

विभागप्रमुखानं मान खाली घातली. बाईंना हसू आवरेना. त्यांनी पिशवीतल्या अर्ध्या विणलेल्या स्वेटरातून लांब, सरळ सुई उपसली.

"बाई, टाके सुटले!" विभागप्रमुख ओरडला.

"पुन्हा विणता येतात रे."

त्यांनी सुई माझ्या उतारावर टेकवली. खाली फट दिसली. जराशी फिरवली. आणखी जराशी. आणि सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगाला चिकटून बसली. सापडली की एक रेघ!

"रेघा माझ्या कुठं होत्या? त्या समीकरणातच आहेत. मी नुसत्या कोरल्या. धर, पुढची तू शोध," म्हणत बाईंनी सुई विभागप्रमुखाच्या हातात दिली.

रंगाऱ्यानं कानावरची पेन्सिल पुढं केली. विभागप्रमुख मीटिंग विसरला.

आता मी त्याच्या टेबलावर असतो, पेन्सिलीच्या रेघा मिरवत. सुईही इथंच राहिली. बाईंचा स्वेटर तसाच अर्धा असणार. माझं एवढंच मागणं आहे. काही वाकडं, निरुपयोगी वाटलं, तर फेकण्याआधी एकदा सुई टेकवून बघा. आणि लगेच उचलू नका, जराशी फिरवा.