पिशवीला नकार

बाईंचा मुलगा कुजबुजायला लागला की शेजारच्या खोलीतले पेशंटही कान टवकारायचे. त्यामुळे "आईला काही कळता कामा नये" हे वाक्य बाईंनी पलंगावर पडल्या पडल्या नीट ऐकलं होतं. 'कॅन्सर' हा शब्दही. आत आला की मात्र त्याच्या आवाजाला साखर फुटायची.

"काही नाही गं आई, आतड्याला छोटीशी गाठ आहे. रोबोट काढणार आहे."

"रोबोटला म्हणावं, सावकाश काढ," बाई म्हणाल्या. जन्मभर मुख्याध्यापिका होत्या. ढ पोरगं लांबून ओळखायच्या. हे तर घरचंच.

त्या रोबोटने नुसता उच्छाद मांडला होता. फोनवर सासऱ्याला रोबोट, लिफ्टमनला रोबोट, जणू नवी गाडीच घेतली होती पठ्ठ्याने! आईच्या पोटात गाठ नेमकी कुठे आहे, हे विचारलं असतं तर तिकडे बोट दाखवायचीही त्याला लाज वाटली असती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जन आल्या. तरुण, खिशात जांभळं मार्कर पेन. खुर्ची ओढून बसल्या.

"आजी, एकदा तुमच्याच तोंडून ऐकायचंय. पिशवीला तुमचा ठाम नकार आहे ना?"

"कसली पिशवी?"

मुलाला खोकला आला. सूनबाईंना खिडकीबाहेर एकदम काहीतरी दिसायला लागलं.

सर्जननी सरळ सांगितलं. गाठ गुदाशयात, अगदी खाली. ती काढून आतड्याची दोन टोकं जोडायची. तो जोड भरून येईपर्यंत मळ तिकडे जाऊ नये, म्हणून लहान आतडं पोटावर बाहेर काढायचं आणि त्यावर पिशवी लावायची. काही महिन्यांनी ते पुन्हा आत. "पिशवी नसली आणि जोड सुटला, तर घाण पोटात पसरते. या वयात त्यातून माणूस वाचेलच असं नाही."

"मग नकार कुणी दिला?"

"तुमचे चिरंजीव म्हणाले. पिशवीपेक्षा मेलेली बरी, असं तुम्हीच म्हणालात म्हणे."

बाईंनी मुलाकडे पाहिलं. "मी म्हणाले?"

"अगं, तुझ्याच इभ्रतीसाठी! घरात वास, चार लोकांची ये-जा. आणि एवढा रोबोट घेतल्यावर पिशवी कशाला लागते?"

"रोबोट म्हणजे माझेच हात, अडचणीच्या जागी पोचणारे," सर्जन म्हणाल्या. "जोड भरून येतो तो यांच्याच रक्तपुरवठ्यावर."

पोटच्या पोराने चार लोकांच्या नाकांसाठी आईचा जीव पणाला लावला होता, आणि वर तेही तिच्याच नावावर. संतापापेक्षा बाईंना किळस आली. असल्या माणसासमोर रडायचं म्हणजे त्याला उगाच मान द्यायचा.

"पिशवी माझ्या पोटाला लागणार आहे, तुझ्या नाकाला नाही. बाहेर हो. हिलाही घेऊन जा." मग त्या सर्जनकडे वळल्या. "लावा पिशवी. आणि आजी नको, बाई म्हणा."

सर्जननी त्यांना उभं केलं, बसवलं, वाकवलं, पोटाला वळी कुठे पडते ते पाहिलं आणि पिशवीच्या जागी, उजव्या बाजूला, जांभळी फुली मारली.

गाठ निघाली, पिशवी लागली, पण दिवस उलटले तरी आतडं काही जागं होईना; पिशवीत ना मळ, ना वारा. पोट फुगलं. सर्जन येऊन पिशवी चाचपायच्या आणि ओठ आवळून जायच्या. बाई मनातून पार घाबरल्या होत्या. दाखवत नव्हत्या इतकंच.

अशात मुलगा सासऱ्यांना घेऊन हजर झाला. आल्या आल्या त्याने चादर आईच्या गळ्यापर्यंत ओढली.

"साधी गाठ होती हो. रोबोटने अलगद काढली. पिशवी-बिशवी असली जुनी भानगडच नाही. आई तर म्हणाली, काही जाणवलंसुद्धा नाही!"

तेवढ्यात चादरीखालून 'पुर्रर्र' असा लांबलचक आवाज आला. थांबला, दम घेतला आणि पुन्हा आला.

मुलगा लालबुंद झाला. सासरे छताचा पंखा न्याहाळू लागले. दाराशी आलेल्या सर्जन धावत आत शिरल्या, चादर बाजूला केली. पिशवी टम्म फुगली होती.

"सुटला वारा! बाई, आतडं चालू झालं!"

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पुसायच्या भानगडीत न पडता त्यांनी मुलाकडे मान वळवली.

"हं, आता सांग सासऱ्यांना, आई काय म्हणाली ते."