तिसऱ्या मजल्यावरची गुडघेदुखी

"लिफ्ट बंद आहे," रखवालदार म्हणाला आणि माझं टाळकंच सटकलं. गुडघेदुखीच्या नव्या इंजेक्शनचा अभ्यास, त्यासाठी माणसं निवडायची, तीही तिसऱ्या मजल्यावर! अकलेचं नुसतं दिवाळं! त्यात आज शेवटचा दिवस.

आई शिवणकाम करते. म्हणजे करायची. पायाने मशीन चालवता येईना, तेव्हापासून घरात बसून जीव खाते, स्वतःचा आणि माझाही. "इंजेक्शन मिळालं की पुन्हा मशीनवर बसेन," एवढाच जप.

तिला खालच्या पायरीवर बसवून मी धावत वर गेले. "पाच मिनिटं खाली येता का? आईला चढवत नाही."

डॉक्टरीणबाईंनी मानही वर केली नाही. "निवड इथेच होते. सगळ्यांना एकच नियम."

मी हुज्जत घालतेय तोवर दारात आई! कठडा धरत, मध्येच टेकत, अक्षरशः सरपटत आली होती. घामाने निथळत होती.

"अगं, हाक नाही का मारायची?" मी ओरडलेच.

ती हसली. एवढं केलं म्हणजे आता घेतीलच, असं तिला वाटत होतं. मलाही.

"जिने चढता येतात?" बाईंनी विचारलं.

नाही म्हण, आई, नाही म्हण!

"आत्ताच चढले की," आई म्हणाली. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही.

"मग नाही घेता येणार. ज्यांना अजिबात चढता येत नाही, तेच हवेत."

"अहो बाई, ते खालीच राहिले ना!" मी किंचाळले. "हे बाकावरचे सगळे काय उडत आले?"

'चढता येत नाही' असं बिनदिक्कत सांगून त्या सगळ्यांची निवड झाली होती. बाईंचं पेन थांबलं.

आईला आता उभंही राहवेना, तिला खुर्चीत बसवलं. मला रडूच फुटलं. तेव्हा त्या निवडलेल्यांपैकी दोघे पुढे आले, आईला खुर्चीसकट उचललं आणि तिन्ही मजले एका दमात उतरले. बाई कठड्याशी येऊन बघत राहिल्या.

खाली टेकल्यावर आईने दोघांचे हात धरले. "माझ्यापायी कशाला रे त्रास घेतलात? तुमचेही गुडघे दुखतात ना?"

दोघांनीही माना खाली घातल्या.